दुसरे बक्षीस

दरवर्षी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी जाहीर झाली की आमच्या घरी एक लहानसे भांडण व्हावयाचे, हे आता इतके ठरून गेले आहे की त्या दिवशी आमच्या सौ. स्वयंपाक थोडा लवकरच उरकून घेतात. संध्याकाळी ओसरीवर सतरंजी पडते, चहाचे आधण चढते, आणि माझे दोनतीन स्नेही काठ्या टेकीत येऊन बसतात. मग दिल्लीच्या परीक्षकांनी कित्येक दिवस चित्रपट पाहून जो निर्णय दिलेला असतो, तो आम्ही वालूरच्या ओसरीवर तासाभरात फिरवून टाकतो. यादीतले बरेचसे चित्रपट आम्ही पाहिलेलेच नसतात, हा मुद्दा सौ. दरवर्षी उपस्थित करतात आणि तो दरवर्षी बहुमताने फेटाळला जातो.

मला ह्या विषयाचे वेड लागले ते एका तंबूत. माझे वय तेव्हा आठनऊ वर्षांचे असेल. निजामाची राजवट जाऊन फार वर्षे झाली नव्हती, आणि आमच्या परभणी जिल्ह्यातील खेड्यांत चित्रपट यावयाचा तो जत्रेबरोबर, तंबू आणि खुंट्या घेऊन. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये आम्ही पोरे मातीत बसलेली. यंत्र एकच असल्यामुळे एक रीळ संपून दुसरे चढेपर्यंत अंधारात बसावे लागे. त्या रात्री ‘श्यामची आई’ लागला होता. वनमालाबाईंचा तो चेहरा आणि माधव वझे ह्यांचा तो हट्टी, हळवा श्याम पाहताना बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येऊ लागले. आणि रीळ बदलण्यासाठी यंत्र थांबले तेव्हा चित्रपट थांबला पण हुंदके थांबले नाहीत, हे मला अजून आठवते. घरी परतताना वडील म्हणाले, “ह्या चित्रपटाला राष्ट्रपतींनी सोन्याचे पदक दिले आहे.” मी मनात ठरवूनच टाकले की राष्ट्रपती स्वतः कोकणात गेले असतील आणि त्यांनी श्यामच्या आईच्या गळ्यात ते पदक घातले असेल. ती माउली पडद्यावर गेलेली मी नुकतीच पाहिली होती. परंतु बालबुद्धीला असल्या अडचणी कधी आड येत नाहीत.

पुढे शिक्षक झाल्यावर मी एक वही घातली. तिच्या डाव्या पानावर सरकारने दिलेले पुरस्कार आणि उजव्या पानावर मी दिलेले. डावे पान मी शाईने लिहितो आणि उजवे शिसपेन्सिलीने. कारण सरकारचे मत एकदा झाले की झाले, माझे मात्र पुष्कळदा बदलते. चित्रपट आमच्याकडे उशिरा पोचतात. कित्येकदा उजवे पान भरावयास मला दोन दोन, तीन तीन वर्षे लागली आहेत. ज्या चित्रपटाला खेड्यातील माणसाचे दुःख दाखविल्याबद्दल पारितोषिक मिळते, तोच त्या खेड्यात सर्वांच्या शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतही नाही, ही गोष्ट मला प्रथम विनोदी वाटे. हल्ली ती तशी वाटत नाही.

ह्या वहीचे पहिले पान मी मागाहून, जुनी माहिती जमवून लिहिले. १९५४ साली हे पुरस्कार प्रथमच देण्यात आले, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे ह्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. त्याच वर्षी बिमल रॉय ह्यांच्या ‘दो बीघा जमीन’ला अखिल भारतीय गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले, म्हणजे आपल्या शाळेच्या भाषेत बोलावयाचे तर दुसरे बक्षीस. मराठी मनुष्य म्हणून ह्या निकालाने माझी छाती भरून येते. परंतु आमच्या मंडळीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी आयुष्यभर शेतकऱ्यांच्या कर्जाचे कागद हाताळले. ते एकदा शांतपणे म्हणाले, “मास्तर, सावकाराचे देणे फेडण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणारा तो शंभू महतो मी आमच्या बँकेच्या दारात पुष्कळदा उभा असलेला पाहिला आहे. श्यामची आई मात्र मला पुस्तकातच भेटली.” कापसाच्या भावावर ज्या गावाचा संसार चालतो, तेथे ह्या वाक्याला उत्तर देणे सोपे नव्हते. मी विषय बदलला. पण उजव्या पानावर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले. ते अजून तेथे आहे.

त्या पहिल्या सुवर्णपदकानंतर मराठी चित्रपटाला पुन्हा सर्वोच्च मान मिळावयास अर्धशतक जावे लागले. संदीप सावंत ह्यांच्या ‘श्वास’ला २००४ साली तो मिळाला, तेव्हा आमच्या ओसरीवर पेढे वाटले गेले. नातवाची दृष्टी जाणार हे ठाऊक असलेल्या आजोबांची ती गोष्ट. भारतातर्फे ऑस्करसाठीही तीच पाठविली गेली, आणि परदेशातील प्रचाराचा खर्च भागावा म्हणून लोकांनी वर्गणी दिली. अंतिम नामांकनांत ‘श्वास’चे नाव आले नाही, तेव्हा आम्ही अमेरिकेतील परीक्षकांसही आपल्या फेटाळलेल्यांच्या यादीत घालून टाकले. त्यानंतर ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ हे मराठी चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरले. ‘देऊळ’ने तो मान ‘ब्यारी’ ह्या चित्रपटाबरोबर वाटून घेतला. आम्हांला नालस्ती करावयास जागा उरू नये असाच तो काळ होता. परंतु नालस्ती करणाऱ्यास जागा लागत नाही.

माझे खरे भांडण झाले ते २०१४ साली. नागराज मंजुळे ह्यांच्या ‘फँड्री’स दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचे इंदिरा गांधी पारितोषिक मिळाले, आणि जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडे ह्या मुलास बालकलाकाराचे. परंतु मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचे रजतकमळ ‘आजचा दिवस माझा’ ह्या चित्रपटास गेले. त्या चित्रपटाचे मला वावडे नाही. पण शेवटी जब्याने भिरकावलेला तो दगड ज्याच्या अंगावर आला आहे, त्याला दुसरे काही पहिले वाटणे कठीण. मी त्या रात्री इतका चढ्या स्वरात बोललो की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

तेव्हा आमच्या बँकवाल्या स्नेह्यांनी माझी समजूत काढली. ते म्हणाले, “अहो, पुरस्काराचे काय घेऊन बसलात? प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवपत्र मिळाले. भारतीय चित्रपटाला परदेशात एवढा मान त्यापूर्वी मिळाला नव्हता. ते गौरवपत्र पुढे गहाळ झाले, १९७४ साली म्हणे कोणाला कचऱ्यात सापडले, आणि २००४ साली ते परत पुण्यास जागेवर आले. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया ह्यांचे पाहा. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. कोणाही भारतीयाला मिळालेले ते पहिले ऑस्कर. आपल्या पश्चात ते नीट राहील की नाही, ह्या काळजीने त्यांनी २०१२ साली ती मूर्ती ज्यांनी दिली त्यांच्याकडेच परत पाठविली. आता सांगा, तुकारामाच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस त्या गौरवपत्रामुळे मोठे झाले काय? आणि कागद कचऱ्यात गेला म्हणून लहान झाले काय?”

हा युक्तिवाद मला इतका आवडला की पुढे कित्येक वर्षे मी तो स्वतःचा म्हणूनच वापरला. पुरस्कार ही माया आहे, कृती तेवढी सत्य आहे, असे मी शाळेच्या समारंभांत, लग्नघरांत आणि एकदा तर अंत्ययात्रेहून परतताना देखील सांगितले. निवृत्त माणसाच्या तोंडी वैराग्य शोभूनही दिसते. मनुष्यस्वभाव असा विचित्र आहे की जे आपल्याला मिळाले नाही ते तुच्छ मानावयास त्याला तत्त्वज्ञान लागते. आणि जे आपण दुसऱ्याला दिले नाही ते तुच्छ मानावयास तर फारच मोठे तत्त्वज्ञान लागते.

कारण एकदा मीही परीक्षक होतो. ही गोष्ट मी ओसरीवर कधी काढली नव्हती.

१९८८ साली मी ज्या शाळेत होतो, तेथील स्नेहसंमेलनात एकपात्री अभिनयाची स्पर्धा होती आणि निकाल देण्याचे काम मजकडे व आणखी दोघांकडे होते. माझा शब्द शेवटचा मानला जाई, कारण मी भाषेचा शिक्षक. अंतिम निवडीस दोन मुले उरली. एक मुलगा आठवीतला. त्याने एका विसराळू प्राध्यापकाची नक्कल केली. उच्चार कसे स्वच्छ, वाक्ये कशी घोटीव. एकही ‘न’ चा ‘ण’ झाला नाही. ते सारे मीच त्याच्याकडून करून घेतले होते. दुसरी मुलगी सहावीतली. तिने आपल्या आजीची सोंगबतावणी केली. आजी बारवेवर पाणी आणावयास जाते, पायऱ्या उतरताना गुडघ्याशी भांडते, दोराशी भांडते, आणि पाणी खोल गेले म्हणून देवाशी भांडते. “दोर कामून तुटायलाय रे, माझ्या दाताला लागला का काय तू?” असे काहीसे ती बोलली आणि सबंध मांडव हसून लोळला. मग ती एकाएकी थांबली. रिकाम्या घागरीत वाकून तिने पाहिले आणि क्षणभर काहीच बोलली नाही. मांडवही बोलला नाही.

मी पहिले बक्षीस मुलास दिले.

कोणाची भीड नव्हती, दडपण नव्हते, त्या मुलाचे वडील कोणी बडे गृहस्थ नव्हते. तसे असते तर दोष वाटून घ्यावयास कोणी तरी मिळाले असते. मी अगदी प्रामाणिकपणे, पूर्ण विचारान्ती चुकलो. माझ्या गुणपत्रिकेत ‘भाषाशुद्धी’ ह्या रकान्याला वीस गुण होते आणि त्या रकान्यात त्या मुलीला मी चार दिले. आमच्या मराठवाड्याची बोली ही घरी बोलावयाची आणि रंगमंचावर पुसून टाकावयाची वस्तू आहे, अशी माझी त्या वेळी ठाम समजूत होती. दुसरे बक्षीस म्हणून तिला एक पत्र्याची कंपासपेटी मिळाली. ती घेऊन तिने मला वाकून नमस्कार केला आणि मी ‘भाषा सुधार’ असा आशीर्वाद दिला.

ह्या गोष्टीचा मला पुष्कळ वर्षे विसर पडला होता असे म्हटले तर ते खोटे होईल. पण ती मला टोचत होती असे म्हटले तरी ते खोटेच होईल. ती टोचू लागली ‘फँड्री’ पाहिला तेव्हा. त्यातील माणसे जशी घरात बोलतात तशीच पडद्यावर बोलत होती, आणि त्या मुलास त्याबद्दल दिल्लीत पारितोषिक मिळत होते. मी परीक्षक असतो तर भाषाशुद्धीत त्याला किती गुण दिले असते? त्या रात्री मी ज्या परीक्षकांवर ओरडत होतो, त्यांनी निदान त्या मुलाला तरी ओळखले होते. माझा चढा स्वर कोणावर होता हे शेजारच्यांना कळले नाही. मलाही ते कबूल करावयास वेळ लागला.

आमच्या गावात एक जुनी बारव आहे. तिच्या पायऱ्या वळणावळणाने खाली उतरत जातात. पुष्कळ वर्षे ती गाळाने आणि झाडाझुडपांनी बुजून गेली होती. गावकऱ्यांनीच ती उपसली, साफ केली, आणि पायऱ्या पुन्हा उन्हात आल्या. दोनतीन वर्षांपूर्वी महाशिवरात्रीच्या संध्याकाळी त्या पायऱ्यांवर दिवे लावले होते. मी वरच्याच पायरीवर काठी धरून उभा होतो, तेव्हा एक बाई आपल्या मुलीला घेऊन जवळ आली आणि वाकून नमस्कार करीत म्हणाली, “वळखलं का सर?” मी ओळखले नाही. मग तिने खाली बारवेकडे हात केला आणि म्हणाली, “दोर कामून तुटायलाय रे!”

आता ह्या गोष्टीला पस्तीस वर्षे होत आली होती. मी जे बोलावयाचे ठरविले नव्हते तेच माझ्या तोंडून गेले. मी म्हणालो, “बाई, त्या दिवशी माझे चुकले. पहिले बक्षीस तुझे होते.” आणि लगेच, सवयीप्रमाणे, माझे तत्त्वज्ञान पुढे आले: “पण बक्षिसात काय असते? कला तुझी तुझ्यापाशीच राहिली.”

ती हसली नाही. थोडा वेळ दिव्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, पहिल्याला सेलूला नेणार हुते. तालुक्याच्या स्पर्धेला. मला सेलू बघायची हुती.”

मला हे ठाऊक होते आणि मी ते पार विसरलो होतो. पहिल्या बक्षिसाबरोबर तालुक्याला जावयाचे होते. तेथून कदाचित जिल्ह्याला. सेलू ती असून असून किती दूर? आम्ही भाजी आणावयास जावे इतकी. पण सहावीतल्या त्या मुलीला ती दिल्लीपेक्षा दूर होती, आणि माझ्या गुणपत्रिकेतल्या एका रकान्याने ती तिच्यापासून आणखी दूर नेली. पुरस्कार म्हणजे माया, हे सांगणारी माणसे बहुधा अशी असतात की ज्यांना सेलूला नेण्यासाठी कोणाच्या बक्षिसाची गरज नसते. पदक कपाटात धूळ खाईल, प्रशस्तिपत्र कचऱ्यात जाईल, हे सारे खरे. परंतु ते हाती पडते त्या दिवशी एक दार उघडते, आणि दार उघडण्याची वेळ टळली की मागून कोणी कितीही सत्य सांगितले तरी ते उघडत नाही.

जाता जाता ती म्हणाली, “ती पेटी हाय अजून. सुईदोरा ठिवते तीत. हिला बी हात लावू देत न्हाई.” मुलीने मान हलवून दुजोरा दिला. मोठमोठ्या संस्थांना जे कधी कधी जमले नाही ते ह्या बाईला जमले होते. माझ्या दुसऱ्या बक्षिसाचे, आणि त्याबरोबर माझ्या चुकीचेही, तिने पस्तीस वर्षे जतन केले होते.

२०२५ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस एकाहत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांची यादी आली. मराठीतील उत्कृष्ट चित्रपट कोणता, तर ‘श्यामची आई’! अत्र्यांचा नव्हे, सुजय डहाके ह्यांनी नव्याने केलेला. तंबूतले ते हुंदके मला पुन्हा ऐकू आले, आणि आमच्या बँकवाल्यांनी पुन्हा ‘दो बीघा जमीन’चे नाव काढलेच. ‘नाळ २’मधील मुलांस बालकलाकारांचे पुरस्कार होते. पुढे सप्टेंबरात त्यांतली त्रिशा ठोसर ही चिमुरडी साडी नेसून राष्ट्रपतींच्या हातून पदक घ्यावयास गेली, तेव्हा दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या आमच्या सौ. टाळ्या वाजवू लागल्या. त्यांनी तो चित्रपट पाहिलेला नव्हता. हा मुद्दा मी उपस्थित केला नाही.

वहीत आता मी एक सुधारणा केली आहे. उजव्या पानावर पहिले नाव लिहावयाचे सोडून ज्यांना काहीच मिळाले नाही, किंवा दुसरे मिळाले, त्यांची नावे लिहितो. आणि त्या नावांपुढे तो चित्रपट आमच्या गावात कधी व कसा दाखविता येईल ते लिहितो. आजवर दोन चित्रपट शाळेच्या भिंतीवर पांढरे कापड लावून दाखवून झाले. रीळ बदलावे लागत नाही, एवढाच काय तो तंबूत आणि ह्यात फरक.

मात्र ह्या हिवाळ्यात स्नेहसंमेलनासाठी परीक्षक व्हाल का, असे शाळेतून विचारणे आले तेव्हा मी नम्रपणे नकार कळविला. आपल्या हातून पुन्हा कोणाची सेलू हुकू नये, हा त्यातला हेतू, आणि तो मला मोठा उदात्त वाटला. दुसऱ्याच दिवशी ती बाई दारात उभी. तिची मुलगी ह्या वर्षी स्पर्धेत होती.

“कामून न्हाई म्हन्लात सर?”

“एकदा चुकलो आहे, बाई. पुन्हा त्या खुर्चीवर बसण्याचा मला अधिकार नाही.”

“मंग दुसरं कोन बसंल? जे कवाच चुकले न्हाईत ते? त्यांस्नी काय कळतंय!” ती म्हणाली. “तुमी बसा. गुन लिवताना तुमचा हात तरी थांबंल जरासा. आन् माझी पोरगी हाय म्हून पहिलं देऊ नका. बघा नीट, मंग द्या.”

आतून सौ. नी हे ऐकले असावे, कारण चहा दोघांसाठीच आला होता आणि माझ्या चश्म्याचे घर कपबशीजवळ ठेवलेले होते. मी शाळेला दुसरी चिठ्ठी लिहिली. गुणपत्रिकेचे रकाने मला आधी पाहावयास मिळावे, एवढी एकच अट तीत घातली.